सवयीचे औषध आणि दहा हजारांचा कौल

मे २००४ मध्ये लंडनहून जगभरातल्या २३९ रुग्णालयांना निरोप गेला : नवे रुग्ण घेणे थांबवा. डोक्याला मार लागून आलेल्या रुग्णांवर एका औषधाची चाचणी पाच वर्षे चालू होती. वीस हजार रुग्ण पुरे होईपर्यंत ती चालायची होती; १०,००८ वर आवरती घ्यावी लागली. औषध नवे असते तर यात फारसे नवल नव्हते. नवी औषधे चाचणीत नापास होतच असतात. हे औषध मात्र तीसहून अधिक वर्षे अतिदक्षता विभागांतून दिले जात होते. ते होते स्टेरॉइड, आणि हिशेब सांगत होता की डोक्याच्या दुखापतीत ते दिल्याने मृत्यू कमी होत नाहीत, उलट वाढतात.

या चाचणीचे नाव 'क्रॅश'. तिच्यात ४९ देशांतले डॉक्टर सामील होते. तिची हकिगत सांगायची तर आणखी चाळीसेक वर्षे मागे जावे लागते, आणि सुरुवात अपघातापासून न करता मेंदूतल्या गाठीपासून करावी लागते.

गाठीचे औषध

१९६१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या जोसेफ गॅलिसिच आणि लाइल फ्रेंच या न्यूरोसर्जननी आपला एक अनुभव प्रसिद्ध केला. मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांना त्यांनी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले होते. गाठीभोवतीचा मेंदू सुजतो. कवटीत जागा मुळातच मोजकी. सूज वाढली की दाब वाढतो, माणूस गुंगीत जातो, एखादी बाजू लुळी पडते. स्टेरॉइड सुरू केल्यावर असे रुग्ण एकदोन दिवसांत डोळे उघडू लागले, बोलू लागले. गाठ होती तिथेच होती, पण सूज ओसरली होती. शस्त्रक्रियेआधी रुग्ण सावरायला सवड मिळू लागली. गाठीच्या रुग्णांना स्टेरॉइड आजही देतात, ते याच कारणाने.

पुढचे पाऊल कुणालाही सुचले असते. अपघातात मार बसलेला मेंदूही सुजतो. सूज उतरवणारे औषध हाताशी आहे. मग ते न देण्याचे कारण काय? साठ-सत्तरच्या दशकांत डोक्याची दुखापत आणि स्टेरॉइड ही जोडी जमून गेली.

या तर्कातली फट पुढे हळूहळू उघडी पडली. गाठीभोवतीची सूज मुख्यतः रक्तवाहिन्या पाझरू लागल्याने येते आणि स्टेरॉइड हे पाझरणे आटोक्यात आणते. मार बसलेल्या मेंदूत बरेचदा पेशीच आतून फुगतात. तिथे त्या औषधाला करण्यासारखे फारसे काही उरत नाही. पण हे कळायच्या आत औषधाची सवय लागली होती.

सवय लागण्याचे आणखी एक कारण होते. खोल बेशुद्धीत आलेल्या रुग्णांपैकी त्या काळी साधारण निम्मे दगावत. जो वाचला, तो औषधाने वाचला असे वाटे. जो गेला, त्याला मारच तसा लागला होता असे वाटे. अशा हिशेबात औषध कधी हरतच नाही. एकेक रुग्ण डोळ्यांदेखत पाहणाऱ्या अत्यंत हुशार डॉक्टरलाही खाटेशेजारी उभे राहून हे ओळखणे शक्य नव्हते.

ग्लासगोची मोजपट्टी

वेगवेगळ्या रुग्णालयांचा अनुभव एकत्र करावा म्हटले, तर पहिली अडचण होती ती वर्णनाची. एका डॉक्टरची 'गुंगी' दुसऱ्याची 'अर्धवट शुद्ध' आणि तिसऱ्याची 'खोल बेशुद्धी' असे. रुग्ण किती गंभीर आहेत हेच सारखे मोजता येत नसेल, तर कुणाचे उपचार चांगले हे कसे ठरवणार?

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत न्यूरोसर्जरीचे प्राध्यापक ब्रायन जेनेट आणि त्यांचे तरुण सहकारी ग्रॅहॅम टीसडेल यांनी १९७४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात यावर साधा तोडगा मांडला. डोळे, बोलणे आणि हालचाल एवढ्या तीनच गोष्टी पाहायच्या. आपणहून डोळे उघडतो का? हाक मारल्यावर? चिमटा काढल्यावर? की नाहीच? बोलतो तर नीट उत्तर देतो, भलतेच काही बोलतो, सुटे शब्द उच्चारतो की नुसता कण्हतो? 'हात वर करा' म्हटल्यावर करतो का, की दुखवल्यावर फक्त हात झटकतो? आज रूढ असलेल्या पद्धतीत डोळ्यांना ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ गुण. पूर्ण शुद्धीतला माणूस १५, काहीच प्रतिसाद न देणारा ३. यंत्र नको, तपासणीचा खर्च नाही; रात्रपाळीची परिचारिकाही दर तासाला हे गुण टिपून ठेवू शकते. आज आपल्याकडे कुठल्याही रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत निवासी डॉक्टर फोनवर वरिष्ठांना सांगताना आधी 'जीसीएस किती' ते सांगतो. तो हाच ग्लासगोचा आकडा.

मोजपट्टी हातात आल्यावर जेनेट यांनी ग्लासगो, नेदरलँड्समधली रॉटरडॅम आणि ग्रोनिंगन ही शहरे, आणि अमेरिकेतले लॉस एंजेलिस इथल्या गंभीर रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. १९७७ मध्ये ७०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. तिन्ही देशांतल्या उपचारांत बराच फरक होता. कुठे सर्रास स्टेरॉइड देत, कुठे क्वचितच. कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे प्रमाणही वेगळे. मृत्यूचे प्रमाण मात्र तिन्हीकडे सारखेच, सुमारे निम्मे.

हा आढावा वाचणाऱ्याला स्टेरॉइडबद्दल शंका यायला हवी होती. काहींना आलीही. पण नुसत्या नोंदींची तुलना म्हणजे पुरावा नव्हे. ज्याला औषध दिले तो मुळातच अधिक गंभीर असेल, तर? या 'तर'ला एकच उत्तर होते. सारख्याच अवस्थेतल्या रुग्णांपैकी कुणाला औषध द्यायचे आणि कुणाला नाही, हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकून ठरवायचे.

लहान चाचण्यांचा घोळ

तशा चाचण्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत झाल्या. एकीत स्टेरॉइड तारक ठरले, दुसरीत निरुपयोगी. प्रत्येकीत रुग्ण शे-दोनशेच्या आसपास, आणि सगळी गोम तिथेच होती. शंभरातले पंधरा दगावतात की तेरा, हे ठरवायला दोनशे रुग्ण पुरत नाहीत. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो.

दोघांचा फरक किरकोळ वाटेल, पण तो किरकोळ नाही. शंभरामागे दोन म्हणजे पन्नासांमागे एक जीव. जगात डोक्याच्या गंभीर दुखापतींची संख्या दरवर्षी लाखांच्या घरात जाते. एवढ्या लोकांत पन्नासांमागे एक म्हणजे हजारो माणसे.

१९९० मध्ये या औषधाला नवी उभारी मिळाली. पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांना आठ तासांच्या आत मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा मोठा डोस दिला, तर हातापायांत थोडी अधिक ताकद परतते, असे अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसले. कण्याला चालते तर मेंदूला का चालू नये? तोच जुना तर्क नव्या आधाराने पुन्हा उभा राहिला. १९९५ च्या एका पाहणीत अमेरिकेतल्या ६४ टक्के ट्रॉमा केंद्रांत डोक्याच्या दुखापतीला स्टेरॉइड वापरले जात असल्याचे आढळले. त्याच सुमारास तिथल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने स्टेरॉइडची शिफारस करता येत नाही, असे म्हटले होते. म्हणजे एक पक्ष म्हणत होता द्या, दुसरा म्हणत होता उपयोग नाही. 'अपाय होतो' असे ठामपणे म्हणायला मात्र कुणाकडेच पुरावा नव्हता.

१९९७ मध्ये फिल ऑल्डरसन आणि इयान रॉबर्ट्स यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तोवरच्या १३ चाचण्यांची बेरीज मांडली. रॉबर्ट्स मूळचे मुलांचे डॉक्टर. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला त्यांनी रस्त्याने पायी चालणाऱ्या मुलांच्या अपघातांचा अभ्यास केला होता. त्यामुळे डोक्याची दुखापत त्यांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर भेटण्याआधी रस्त्यावर भेटली होती. तेरा चाचण्यांत मिळून रुग्ण भरले सुमारे दोन हजार. स्टेरॉइड दिलेल्यांत शंभरामागे जवळपास दोन मृत्यू कमी दिसत होते. पण आकडे इतके तोकडे होते की खरा परिणाम जवळजवळ सहा मृत्यू कमी इथपासून अडीच मृत्यू जास्त इथपर्यंत कुठेही असू शकत होता. तीस वर्षे औषध देऊनही ते मारते की तारते हे माहीत नाही, असा त्या बेरजेचा सरळ अर्थ होता.

मोठी, पण साधी

मोठ्या चाचणीचा रस्ता हृदयरोगाच्या डॉक्टरांनी आधीच पाडून ठेवला होता. ऑक्सफर्डच्या गटातले रिचर्ड पेटो, रॉरी कॉलिन्स आणि मूळचे केरळचे सलीम युसुफ यांनी १९८४ मध्ये मोठ्या पण साध्या चाचण्यांची बाजू मांडली. रुग्ण हजारोंनी घ्या, पण डॉक्टरला लिहायला फार लावू नका. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तेवढी मोजा : माणूस जगला की गेला. १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांच्या अशाच एका चाचणीने हृदयविकाराच्या झटक्यात साध्या ॲस्पिरिनने जीव वाचतात हे निर्विवाद सिद्ध केले. ॲस्पिरिन तेव्हाही पैशांत मिळत होते, पण ते देण्याची रीत या चाचणीने पडली.

रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी हेच सूत्र डोक्याच्या दुखापतीला लावले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने पैसा दिला आणि १९९९ मध्ये क्रॅश सुरू झाली.

एवढे रुग्ण आणायचे कुठून? ब्रिटनमध्ये सीटबेल्ट, हेल्मेट, वेगमर्यादा यांनी रस्त्यावरचे मृत्यू घटत होते. अपघात जिथे वाढत होते ते देश वेगळे होते. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका, पूर्व युरोप इथल्या ज्या रुग्णालयांत एका रात्रीत दुचाकीवरून पडलेले तीन-चार जण येतात, तिथे ही चाचणी न्यावी लागणार होती. ती तिथे गेली. भारतातली रुग्णालयेही तिच्यात होती. अखेरीस दर चार रुग्णांपैकी तीन कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले निघाले.

यात एक न्यायही होता. एरवी संशोधन श्रीमंत देशांतल्या निवडक केंद्रांत होते आणि त्याचे निष्कर्ष इतरांनी मुकाट लागू करायचे असतात. इथे प्रश्नाचे उत्तर जिथे सर्वांत जास्त लागणार होते, तिथेच ते शोधले जात होते. अट एवढीच की गर्दीने भरलेल्या कॅज्युअल्टीत, अपुऱ्या माणसांनिशी ते काम जमले पाहिजे.

म्हणून पद्धत अगदी आटोपशीर ठेवली. रुग्ण सोळा वर्षे किंवा त्याहून मोठा हवा, मार लागून आठ तास झालेले नसावेत आणि ग्लासगोचे गुण १४ किंवा त्याहून कमी असावेत. डॉक्टर फोन लावत. चोवीस तास चालणारी ती सेवा ऑक्सफर्डहून चालवली जात होती. मोजक्या प्रश्नांची उत्तरे दिली की संगणक ठरवी, रुग्णालयातल्या कपाटातला कितव्या क्रमांकाचा खोका या रुग्णासाठी उघडायचा. जिथे फोनची सोय नव्हती, तिथे आठ खोक्यांच्या पेटीतला क्रमाने पुढचा खोका घ्यायचा. खोक्यात एकतर मिथाइलप्रेडनिसोलोन असे, नाहीतर दिसायला हुबेहूब तसेच, पण औषध नसलेले प्लासिबो. पहिल्या तासात दोन ग्रॅम, मग अठ्ठेचाळीस तास दर तासाला ०.४ ग्रॅम असे ते शिरेतून जाई. आत काय आहे हे ना डॉक्टरला माहीत, ना परिचारिकेला, ना नातेवाइकांना. दोन आठवड्यांनी एक पानी तक्ता भरायचा, आणि सहा महिन्यांनी पत्र, फोन किंवा घरी जाऊन माणूस कसा आहे याची चौकशी करायची.

संमतीचा प्रश्न सोपा नव्हता. रुग्ण बेशुद्ध, बरोबर आलेला माणूस पुष्कळदा रस्त्यावरून उचलून आणणारा कुणीतरी परका. नातेवाईक वाटेत. वेळ आठ तासांचीच. प्रत्येक ठिकाणच्या नीतिसमितीने तिथल्या रीतीप्रमाणे मार्ग ठरवला. आणि कुठल्या रुग्णाला चाचणीत घ्यायचे याची एकच कसोटी होती. या रुग्णाला स्टेरॉइड द्यायलाच हवे असे डॉक्टरला वाटत असेल, तर त्याने ते द्यावे, रुग्ण चाचणीत घेऊ नये. देऊच नये असे वाटत असेल, तरीही घेऊ नये. 'मला खरोखर कळत नाही' असे ज्याच्याबाबत वाटेल, तोच रुग्ण चाचणीत घ्यायचा.

ऐकायला हे सोपे वाटते. आयसीयूच्या दाराशी नातेवाइकांचा घोळका उभा असताना ज्येष्ठ सर्जनने असे म्हणणे सोपे नसते. आपल्या समाजात तर नाहीच. डॉक्टरला माहीत नसेल तर मग कुणाला, असेच आपण विचारतो. ४९ देशांतल्या डॉक्टरांनी ही कबुली दिली, दहा हजारांहून अधिक वेळा.

कोकणात आणि गोव्यात देवापुढे कौल लावताना कुठली पाकळी पडली तर काय करायचे, हे आधी बोलून ठेवावे लागते; पडल्यावर अर्थ बदलता येत नाही. चाचणीचेही तसेच होते. कुठला आकडा कुठे गेला की थांबायचे हे आधी ठरलेले होते, आणि तो आकडा पाहण्याचा अधिकार फक्त एका स्वतंत्र समितीला होता. चाचणी चालवणाऱ्या रॉबर्ट्सनाही नाही.

उत्तर

ऑक्टोबर २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने निष्कर्ष छापले. स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी १,०५२ जण दोन आठवड्यांच्या आत गेले, म्हणजे २१.१ टक्के. प्लासिबो मिळालेल्यांत ८९३, म्हणजे १७.९ टक्के. स्टेरॉइडच्या बाजूला १५९ मृत्यू जास्त. साधारण तीस जणांना औषध दिले की त्यांतला एक, जो एरवी वाचला असता, तो गेला. दुखापत किरकोळ असो की गंभीर, निकालाची दिशा बदलत नव्हती. सहा महिन्यांनी ९६.७ टक्के रुग्णांचा ठावठिकाणा लागला, आणि तेव्हाही फरक तसाच होता : २५.७ विरुद्ध २२.३ टक्के.

हे मृत्यू का वाढले, याचे कारण निश्चित सांगता आले नाही. स्टेरॉइडने जंतुसंसर्ग वाढतो, पोटात रक्तस्राव होतो, हे ठाऊक होते. पण त्या दोहोंनी हा फरक समजावता येईना. कारण न कळताही निर्णय मात्र झाला. पुढच्या मार्गदर्शिकांनी गंभीर दुखापतीत मिथाइलप्रेडनिसोलोनचा मोठा डोस निषिद्ध ठरवला.

माणसांवर प्रयोग कसला करता, हा आक्षेप अशा चाचण्यांना नेहमी घेतला जातो. क्रॅशने त्याचे उत्तर आकड्यांत दिले. चाचणीतले १५९ जादा मृत्यू आपल्याला माहीत आहेत, कारण तिथे मोजणारे कुणीतरी होते. चाचणी नव्हती त्या तीसेक वर्षांतही प्रयोग चालूच होता, फक्त त्याची वही कुणी ठेवली नव्हती. तेव्हा तीस जणांमागे एक याप्रमाणे किती गेले असतील, याची बेरीज आता करता येणार नाही.

स्टेरॉइडची ही गोष्ट इथे संपत नाही, आणि मराठी वाचकाला तिचा पुढचा भाग चांगला आठवत असेल. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डहून आणखी एका मोठ्या, साध्या चाचणीचा निकाल आला. कोविडमध्ये ऑक्सिजनवर किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्यांना डेक्सामेथासोन दिले की मृत्यू घटतात. व्हेंटिलेटरवरच्यांत तर सुमारे एक तृतीयांशाने. म्हणजे गॅलिसिच-फ्रेंच यांचेच ते स्टेरॉइड. एका ठिकाणी त्याचा जातभाई मारक, दुसऱ्या ठिकाणी ते तारक, आणि दोन्ही वेळा हे शरीरशास्त्राच्या तर्काने न कळता मोजून कळले. त्याच चाचणीने आणखी एक सांगितले होते : ज्यांना ऑक्सिजन लागत नाही, त्यांना याचा फायदा नाही. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे हे वाक्य अनेकांनी नजरेआड केले. घरी बसलेल्या, साध्या तापाच्या रुग्णांनाही स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले, तेव्हा आटोक्याबाहेरच्या मधुमेहाच्या जोडीला स्टेरॉइडचा हा अतिवापरही कारण म्हणून पुढे आला.

जपानमधल्या प्रयोगशाळेतून

क्रॅशने एक औषध बाद केले, पण २३९ रुग्णालयांचे जाळे तयार करून ठेवले. ते विसर्जित न करता त्याला पुढचा प्रश्न देण्यात आला. रॉबर्ट्स यांच्याबरोबर आता हलीमा शकूर या चाचण्यांची धुरा सांभाळत होत्या. प्रश्न होता रक्तस्रावाचा आणि औषध होते ट्रानेक्झामिक ॲसिड.

हे औषध महाराष्ट्रातल्या असंख्य घरांतल्या बायकांना माहीत आहे. पाळीत अंगावरून फार जात असेल तर डॉक्टर त्याच्या गोळ्या लिहून देतात. ते शोधले जपानमधल्या उताको ओकामोटो आणि त्यांचे पती शोसुके यांनी, १९६२ मध्ये. युद्धानंतरच्या टंचाईत त्यांनी रक्त हा विषय निवडला. दुसरे काही मिळाले नाही तर स्वतःचे रक्त तरी प्रयोगाला वापरता येईल, हा हिशेब होता. मूल सांभाळायला कुणी नसे तेव्हा उताको मुलीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करत. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने मरणाऱ्या बायका वाचाव्यात, ही त्यांची इच्छा होती. शरीरात रक्ताची गुठळी बनते तशी विरघळतेही. हे औषध ते विरघळणे रोखते.

या औषधाच्या चाचणीत, म्हणजे क्रॅश-२ मध्ये, ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांतले २०,२११ जखमी आले, सर्वाधिक भारतातून. २०१० चा निकाल : मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर. पुढच्या वर्षी त्याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट समोर आली. औषध जितके लवकर, तितका फायदा मोठा. तीन तासांनंतर दिले तर रक्तस्रावाने मृत्यू उलट वाढतात. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जखमींसाठी या औषधाला आवश्यक औषधांच्या यादीत जागा दिली.

पण मेंदूतल्या रक्तस्रावाचे काय? क्रॅश-२ च्याच पोटात भारत आणि कोलंबियातल्या दहा रुग्णालयांत २७० रुग्णांचे सीटी स्कॅन तपासले गेले. औषधाने मेंदूतला रक्तस्राव कमी वाढतो असा इशारा त्यात मिळाला. खात्री मात्र नव्हती. १९९७ च्या बेरजेसारखीच ही अर्धीमुर्धी स्थिती होती. फरक एवढाच की या वेळी तीस वर्षे थांबायची कुणाची तयारी नव्हती. २०१२ ते २०१९ या काळात क्रॅश-३ झाली : २९ देश, १७५ रुग्णालये, १२,७३७ रुग्ण.

तिचा निकाल क्रॅशसारखा एका घावात दोन तुकडे करणारा नव्हता. तीन तासांच्या आत उपचार मिळालेल्यांत डोक्याच्या दुखापतीने झालेले मृत्यू १९.८ वरून १८.५ टक्क्यांवर आले, पण हा फरक योगायोगाचा नाही असे छातीठोकपणे म्हणण्याजोगा नव्हता. हलक्या आणि मध्यम दुखापतीच्या रुग्णांत मात्र फायदा स्पष्ट दिसला. अतिगंभीर रुग्णांत जवळजवळ काहीच नाही. टीकाकार म्हणाले, मुख्य उत्तर 'सिद्ध झाले नाही' असे आहे; एका गटापुरते यश उचलून दाखवू नका. पुढच्याच वर्षी अमेरिका-कॅनडात ९६६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत रुग्णालयात पोचण्याआधी हे औषध देऊनही सहा महिन्यांनंतरच्या प्रकृतीत ठोस फरक दिसला नाही. वाद चालू आहे. पण दोन्ही बाजूंच्या हातात आता आकडे आहेत, आणि 'माझ्या अनुभवात' एवढ्याने कुणाचे भागत नाही.

क्रॅशचा मूळ डेटाही, रुग्णांची ओळख काढून, सर्वांसाठी खुला ठेवला गेला. त्यावरूनच रुग्णाचे वय, ग्लासगोचे गुण, बाहुलीची प्रतिक्रिया असे मोजके तपशील भरून धोका किती हे सांगणारे गणित तयार झाले. ते मांडताना श्रीमंत देशांसाठी एक आणि इतर देशांसाठी वेगळे अशी दोन सूत्रे करावी लागली. सारखीच दुखापत झालेला माणूस कुठल्या देशात पडला, यावर त्याचे जगणे अवलंबून होते.

आपल्याला हा मुद्दा परका नाही. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. तरीही हायवेवर पडलेला माणूस ग्रामीण रुग्णालय, मग सिव्हिल, मग पुण्या-मुंबईचे मोठे रुग्णालय असा फिरतो आणि सीटी स्कॅन होईपर्यंत तीन तास उलटून गेलेले असतात. क्रॅशच्या डॉक्टरांनी वीस वर्षांत काय देऊ नये ते सांगितले आणि काय, कुणाला, किती वाजायच्या आत द्यावे याचाही अंदाज दिला. ट्रानेक्झामिक ॲसिडचे स्वस्त, शीतपेटी न लागणारे इंजेक्शन पहिल्या रुग्णालयातच किंवा रुग्णवाहिकेतच द्यायचे की नाही, हे आता इथल्या यंत्रणेने ठरवायचे आहे. ठरवलेच, तर त्याचा हिशेबही पहिल्या रुग्णापासून ठेवायला हवा. तो न ठेवता एखादे औषध रूढ झाले की पुढे काय होते, हे स्टेरॉइडने दाखवून दिले आहे.